सायकलीवरून पडण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवावेत अशी आपणां सर्वांना शाळेपासून सवय लागलेली असते. पण माणूस कशावर बसला, कशावरून पडला आणि पडल्यावर त्याचे कोणते हाड मोडले, यालाही इतिहास आहे; आणि कधीकधी तो राजांच्या इतिहासात जाऊन मिळतो. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली वारला तो रणांगणावर नव्हे. जमीन पोखरणाऱ्या एका क्षुद्र प्राण्याने वर काढलेल्या मातीच्या ढिगाला त्याचा घोडा ठेचकाळला, राजा खाली आला, गळ्याखालचे आडवे हाड मोडले, आणि त्यामागून आलेल्या दुखण्याने थोड्याच दिवसांत त्याला नेले. पुढे दीडशे वर्षांनी, १८५० साली, त्याच देशाचा पंतप्रधान राहिलेला रॉबर्ट पील घोड्यावरून पडून मेला. त्याचेही तेच हाड मोडले होते. या हाडाला कोणी हासळी म्हणतात. सुश्रुताने त्याला अक्षक म्हटले आहे. आजच्या आमच्या विषयात हे हाड वारंवार येणार आहे, म्हणून त्याची ओळख आरंभीच करून दिली.

घोडा आता लग्नाच्या वरातीपुरता उरला. त्याची जागा सायकलीने घेतली, आणि गेल्या पन्नास वर्षांत सायकल घेऊन डोंगरउतारावरून खाली येणे हा जगभर एक खेळ होऊन बसला. आमच्या खानदेशातही गिअरची, जाड टायरची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा असलेली सायकल आता शाळकरी मुलांच्या हाती सर्रास दिसते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानांचे हे दिवस आणि सुटीचे दिवस जवळपास एकच आहेत. वडीलधारी मंडळी मंडपात व्याख्यान ऐकत असतात, त्याच सुमारास त्यांची पोरे पहाटे सायकली काढून कोणत्या तरी टेकडीकडे निघालेली असतात. तेव्हा हा विषय या मंडपात परका नाही.

बोदवड हे काळ्या मातीवरचे, कापसाचे गाव. उत्तरेस चांगदेवाजवळ पूर्णा तापीला मिळते, तिच्याही पलीकडे सातपुडा. दक्षिणेस अजिंठ्याची रांग. आणि मध्ये हे सपाट रान. येथे सायकल नवी नाही. नाडगावच्या स्टेशनावर गाडी गाठणारा नोकरदार, हँडलला दुधाचे कॅन अडकवलेला गवळी, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधलेला शेतकरी, यांची सायकल सर्वांनी पाहिलेली आहे. तिच्यावरूनही माणसे पडत होतीच. उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारणारी पोरे गुडघे सोलून घेत, आणि मागे डबलसीट बसवलेल्या लहानग्याची टाच चाकाच्या आऱ्यांत सापडे. ही टाचेची जखम मोठी वाईट. कातडी निघते आणि महिनोन्महिने भरत नाही. पण एकंदरीत ती सायकल कामाची होती, गती बेताची होती, आणि रस्ता सपाट होता. पडणाराही बेतानेच पडे.

डोंगरात हा हिशोब बदलतो. रावेरकडून पालच्या रानात शिरा किंवा जामनेरवरून फर्दापूरकडे जाऊन अजिंठ्याच्या घाटाला लागा, पायाखालची जमीन निराळी होते. काळ्या खडकावर सुटा मुरूम पसरलेला असतो आणि वळणावर तो चाकाखालून ज्वारीच्या दाण्यासारखा निसटतो. सपाट रानातही धोका नाही असे नाही. आपल्या गाडवाटांना बैलगाडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात, पावसाळ्यात त्या चिखलाने भरतात आणि उन्हाळ्यात विटेसारख्या कडक होतात. पुढचे चाक एकदा चाकोरीत गेले की हँडल वळत नाही. सायकल चाकोरीच्या मर्जीने जाते आणि स्वार आपल्या मर्जीने. चाकोरीबाहेर जावे असा उपदेश आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. सायकलस्वाराला चाकोरीबाहेर पडणे किती अवघड असते, हे तो उपदेश करणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.

आता मूळ इतिहासाकडे वळू. कार्ल ड्राईस या जर्मन गृहस्थाने १८१७ साली मानहाइम शहरात आपली दोन चाकांची लाकडी गाडी प्रथम चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते. बसून जमिनीला पाय मारीत पुढे जायचे. पाय जमिनीशीच असल्यामुळे स्वाराला पडण्याचे फार भय नव्हते. १८६० नंतर फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले आणि पाय जमिनीवरून कायमचे उचलले गेले. चाके लाकडी, त्यांवर लोखंडी धाव, आणि रस्ते दगडी. इंग्रजांनी या गाडीला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी ‘हाडे खिळखिळी करणारी’ असा होतो.

त्यानंतर १८७० च्या दशकात आली ती उंच सायकल. पुढचे चाक छातीएवढे, मागचे ताटाएवढे. पायडल थेट पुढच्या चाकाला असल्याने चाक जितके मोठे तितका एका फेऱ्यात पल्ला जास्त, एवढेच त्या उंचीचे कारण. पण स्वार जवळजवळ त्या चाकाच्या आसावरच बसत असे. रस्त्यात लहानसा दगड आडवा आला की चाक थबके आणि सारी गाडी स्वारासकट पुढे उलटे. त्याचे पाय हँडलखाली अडकलेले असत, म्हणून तो उडी मारू शकत नसे. पाच फुटांवरून डोक्यावर किंवा पसरलेल्या हातांवर येई. उतार लागला की जाणते स्वार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकीत. हेतू हा, की उलटलोच तर पायांवर उतरू. या युक्तीला आम्ही पुढील सर्व सुधारणांची जननी मानतो. पडणार हे गृहीत धरून कसे पडावे याचा विचार तिच्यात प्रथम दिसतो. अशाच उंच सायकलीवरून टॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात जगभर फिरला आणि १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आला. ग्रँड ट्रंक रस्त्याने आला म्हणून बरे. आमच्या गाडवाटांवर त्याचे काय झाले असते ते सांगवत नाही.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल काढली, आणि १८८८ साली डनलॉप याने तिच्यासारख्या चाकांना हवेचे टायर दिले. या सायकलीचे इंग्रजी नाव ‘सुरक्षित सायकल’ असे पडले. ते खोटेही नव्हते. स्वार खाली आला, मागे सरकला, त्याचे पाय पुन्हा जमिनीला लागू लागले. डोक्यावर आपटण्याचे प्रमाण घटले. पण पडणे थांबले नाही, फक्त त्याची दिशा बदलली. उंच सायकलवाला समोर डोक्यावर येई. नवा सायकलवाला कडेला खांद्यावर आणि हातावर येऊ लागला. मोडणारे हाड स्वाराच्या धाडसापेक्षा कारागिराच्या आराखड्यावर अधिक अवलंबून असते, हे आमचे मत या एका बदलावरून बनले आहे.

सायकल रस्ता सोडून रानात जाण्याचे प्रयत्नही जुने आहेत. अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय शिपायांची एक तुकडी १८९७ साली मोंटानातील छावणीपासून सेंट लुई शहरापर्यंत सुमारे १९०० मैल सायकलींवर गेली. वाटेत डोंगर, चिखल, रेल्वेचे स्लीपर, सर्व काही. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांनी वाळवंटे आणि जंगले तुडविली ती गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर. पुढे १९४५ पासून मुंबई-पुणे सायकल शर्यत सुरू झाली. या शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात.

या किताबाकडे थोडे लक्ष द्यावे. आमच्याकडे मान आहे तो चढणाऱ्याला. चढताना छाती फुटेल, पोटऱ्यांत गोळे येतील, पण गती इतकी कमी असते की पडलाच तर तो बसल्यासारखा पडतो. ज्या खेळाविषयी आम्ही बोलत आहोत त्याने हा मान उलटा केला. तेथे राजा होतो तो उतरणारा.

हे घडले कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपैस डोंगराच्या परिसरात. १९७० च्या दशकात तेथील काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, भंगारात गेलेल्या जाड टायरांच्या सायकली जमा केल्या व त्या डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सोडू लागले. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. दोन मैलांत तेराशे फूट उतरेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई आणि प्रत्येक उतरणीनंतर तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. तीत जो पहिला आला त्याच्याविषयी सांगतात ते असे की, न पडलेला तो एकटाच होता. या खेळाच्या जन्मपत्रिकेतच पडणे लिहिलेले आहे ते हे. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी खास सांगाडा बनविला, १९८१ पासून कारखान्यात तयार होणाऱ्या डोंगरी सायकली बाजारात आल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. तेथून ती सायकल, निदान तिचे रूप, आपल्या बाजारपेठेपर्यंत आले.

रूप म्हणतो ते जाणूनबुजून. येथे स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ सायकलींचे टायर जाड असतात आणि चिमट्यावर स्प्रिंगा दिसतात, पण सांगाडा आणि ब्रेक गावच्या रस्त्यापुरतेच असतात. सायकल डोंगरी दिसते म्हणून तिला डोंगर सोसतो असे नव्हे. स्प्रिंगांचा आणखी एक गुण असा की त्या दगडांचा हादरा हातापर्यंत येऊ देत नाहीत. हादरा हा जुन्या स्वाराला मिळणारा इशारा होता. तो बंद झाला आणि गती वाढली.

आता दुखापतींकडे. डोंगरी सायकलीवरच्या बहुतेक दुखापती किरकोळ असतात हे प्रथम सांगितले पाहिजे, नाहीतर श्रोते घरी जाऊन मुलांच्या सायकलींना कुलपे लावतील. खरचटणे, मुका मार, कापणे, यांतच बहुतेकांचा हिशोब संपतो. उरलेल्या थोड्यांचा विचार करायचा तर आधी स्वार कोणत्या बाजूला पडला ते विचारावे. उताराच्या बाजूने पडणे वारंवार होते, आणि त्यातही हँडलवरून पुढे फेकला गेलेला स्वार कडेला पडलेल्यापेक्षा अधिक दुखावतो, हे या खेळाच्या शर्यतींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना आढळून आले आहे. कडेला पडणारा पाय, गुडघा, घोटा सोलून घेतो; पुढे पडणाऱ्याचे डोके, तोंड, खांदा आणि मनगट सापडते. कारण सोपे आहे. उतारावर स्वाराचे सारे वजन आधीच पुढच्या चाकावर झुकलेले असते. घाबरून त्याने पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक थांबते, पण त्याचे अंग थांबत नाही. म्हणून उतरताना सीटवरून उठून ढुंगण मागे न्यावे, दोन्ही ब्रेक हलक्या हाताने, मधूनमधून सोडीत लावावेत, आणि वळणावर शिरण्यापूर्वीच गती कमी करावी. उंच सायकलवाल्यांचे ते पाय पुढे टाकणे आणि हे अंग मागे नेणे, यांत शंभरांवर वर्षांचे अंतर असले तरी शहाणपण एकच आहे.

पडणारा माणूस हात पुढे करतो. हे तो ठरवून करीत नाही. विचार पोहोचण्याआधी हात पोहोचलेला असतो. त्या हातावर मनगटाजवळ जो अस्थिभंग होतो त्याचे वर्णन डब्लिनचा शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस याने १८१४ साली केले, म्हणजे ड्राईसची गाडी निघण्याच्याही तीन वर्षे आधी. क्ष-किरण तेव्हा नव्हते. रोंटगेनला ते सापडले १८९५ साली. कॉलिसने केवळ बोटांनी चाचपून सांगितले की ज्याला सारे वैद्य मनगट निखळणे समजतात ते निखळणे नसून मनगटाच्या दीड इंच वरचे हाड मोडलेले आहे. या प्रकारात हात वाकडा दिसतो, सूज येते, वेदना असह्य असते. म्हणून त्याकडे दुर्लक्ष होत नाही. जे दुखणे ओरडते ते एका अर्थी प्रामाणिक असते.

अप्रामाणिक दुखणे निराळे आहे, आणि या व्याख्यानातले आमचे मुख्य सांगणे त्याविषयीच आहे. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याला नौकास्थी म्हणू. हात टेकून पडताना ते मधोमध तडकते. हात वाकडा होत नाही, सूज थोडीच येते, बोटे हलतात. पोरगा म्हणतो मुरगळले, आई हळद-चुना लावते, कोणी जाणता चोळून देतो, आणि पंधरा दिवसांत दुखणे कमीही होते. पण या हाडाची रक्तपुरवठ्याची रचना विलक्षण आहे. रक्त त्यात बोटांकडच्या टोकाने शिरते आणि उलट दिशेने मनगटाकडे येते. मध्ये तडा गेला की मनगटाकडचा तुकडा उपाशी पडतो. तो जुळत नाही, कधीकधी मरतो, आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजून जाड होतो. तरणाताठा माणूस कुदळ धरू शकत नाही, विहिरीचा दोर ओढू शकत नाही, आणि त्याला आठवतही नाही की हे त्या टेकडीवरच्या पडण्याचे फळ आहे. ज्या घराचे पोट हातांच्या पकडीवर चालते त्या घरात हा प्रकार पाय मोडण्याहून महाग पडतो, कारण मोडलेला पाय निदान प्लास्टरात जातो.

याची परीक्षा प्रत्येकास करता येण्याजोगी आहे. अंगठा ताठ करून वर उचलावा. त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांसारख्या शिरा उठतात आणि त्यांच्या मध्ये एक खळगा पडतो. युरोपात पूर्वी तपकीर ओढणारे लोक चिमूटभर तपकीर याच खळग्यात ठेवून नाकाशी नेत, म्हणून तेथील शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तपकिरीच्या डबीचे नाव दिले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनाही ही जागा अपरिचित नसावी. हातावर पडलेल्या माणसाचा हा खळगा बोटाने दाबला असता जर तो कळवळला, तर नौकास्थी मोडली असे धरून चालावे आणि हाताला आधार देऊन क्ष-किरण काढवावा. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पहिल्या दिवसाच्या फोटोत हा तडा पुष्कळदा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला तरी हात बांधूनच ठेवावा व दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी, असा डॉक्टरांचा नियम आहे. वेळेवर प्लास्टर घातले तर बहुतेक तडे दोन-तीन महिन्यांत जुळतात. त्या दोन-तीन महिन्यांचा कंटाळा करणाऱ्यांची कहाणी वर सांगितलीच.

हात पुढे करण्यास वेळ मिळाला नाही, किंवा हाताने हँडल सोडले नाही, तर मार खांद्यावर येतो. येथे पुन्हा आपली हासळी. ती इंग्रजी एस अक्षरासारखी वाकडी असते, मध्यभागी बारीक असते आणि तेथे तिला स्नायूंचा आधार नसतो. म्हणून बहुधा मधोमध मोडते. लांबवलेल्या हातावर पडल्याने ती मोडते असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. १९८८ साली इंग्लंडातील शस्त्रवैद्यांनी रुग्णांना एकेक करून विचारले, तेव्हा बहुतेकजण सरळ खांद्यावर आपटलेले निघाले. सायकलवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच. इटलीच्या १९५६ सालच्या मोठ्या शर्यतीत फिओरेंझो मान्यी हा स्वार हासळी मोडल्यावरही थांबला नाही. एका हाताने हँडल ओढता येईना, म्हणून ट्यूबचा तुकडा हँडलला बांधून तो दातांत धरून तो चढण चढला, पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि शर्यतीत दुसरा आला. हा पराक्रम खरा, पण तो घरी मुलांना सांगताना विल्यम राजाचीही गोष्ट सोबत सांगावी. हासळी साधारणपणे झोळीत हात ठेवून जुळते. मात्र हाडाचे टोक कातडीतून वर येऊ पाहत असेल, हात बधिर वा थंड पडला असेल, किंवा श्वास घेताना दुखत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे; या हाडाखालून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते आणि फुप्फुसाचे टोकही तेथेच असते.

आपल्याकडे हाड मोडले की पहिले पाऊल हाडवैद्याच्या दारी पडते. त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. सुश्रुताने अस्थिभंगाचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार सांगितले, वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबूच्या कामट्या बांधावयास सांगितल्या, खांदा निखळला तर काखेत मुसळ देऊन तो बसविण्याची रीत दिली. ही विद्या ज्यांनी पिढ्यान्पिढ्या टिकविली त्यांत तिचे वारसही आहेत. पण त्याच सुश्रुताने आणखी एक सूचना केली होती: पट्टा सैल बांधला तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट बांधला तर सूज, वेदना व पू होतो. ही दुसरी सूचना पुष्कळ ठिकाणी गळून गेली. घट्ट कामट्यांच्या खाली रक्त थांबते, स्नायू मरतात आणि हात पंजासारखा आखडतो. जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान याने १८८१ साली या आखडण्याचे वर्णन केले व दोष घट्ट बांधणीला दिला. युरोपातले बांधणारेही काही निराळे नव्हते. तेव्हा पट्टा कोणीही बांधो, बांधल्यानंतर बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा ती सरळ करताना प्राण जातो असे वाटू लागले, तर सकाळची वाट न पाहता तो पट्टा सोडला पाहिजे. आणि जो सांधा दुखतो आहे पण वाकडा नाही, तो फोटो निघेपर्यंत कोणालाही ओढू अथवा चोळू देऊ नये.

डोक्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे शंकेला जागा थोडी आहे. सायकलीसाठी कडक कवचाचे आणि आत फेस भरलेले आधुनिक शिरस्त्राण अमेरिकेत १९७५ साली विक्रीस आले. १९८९ साली सिएटल येथील अभ्यासकांनी ते डोक्याच्या दुखापती ८५ टक्क्यांनी कमी करते असा निष्कर्ष काढला. पुढील अभ्यासांत हा आकडा खाली आला, पण उपयोग मोठा आहे हे मत कायम राहिले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये ते सक्तीचे केले. व्यावसायिक शर्यतींत ती सक्ती २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव्ह हा स्वार पडून मेल्यानंतर आली. आपल्याकडे मोटारसायकलवाल्याला कायदा आहे, सायकलवाल्याला नाही. कानामागे सरकलेले, पट्टा न लावलेले हेल्मेट हे टोपीहून अधिक नव्हे. आणि डोक्यावर आपटलेला मुलगा उठून बसला तरी ‘आपण कुठे आहोत’ असे दोनदा विचारू लागला, ओकला, किंवा झोपाळला, तर त्याला पुन्हा सायकलीवर बसवू नये.

पोटाचा मार हा दुसरा अप्रामाणिक प्रकार. तो लहान मुलांत विशेष. हँडल फिरते आणि त्याचे टोक पोटात घुसते. वर एखादा नाण्याएवढा गोल वण दिसतो, आत मात्र प्लीहा, यकृत किंवा आतडे फाटलेले असू शकते, आणि ते तासांनी वा दिवसांनी कळते. हँडलच्या टोकांवरचे रबरी मुठीचे कव्हर फाटून आतली लोखंडी नळी उघडी पडलेल्या सायकली आपल्या गावात किती आहेत ते मोजून पाहावे. हे कव्हर बदलायला सायकलच्या दुकानात एका चहाच्या दोन-तीन पट खर्च येत असेल. मुलाच्या पोटावर असा गोल वण असून पोट दुखत राहिले, तर ते अपचन नव्हे.

राहिली जखम. डोंगरातली आणि शेतातली माती यांत गुराढोरांचे शेण मिसळलेले असते आणि धनुर्वाताचे जंतू त्यातच राहतात. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली ते वेगळे काढले. १८९० मध्ये त्याने व बेहरिंगने त्यावरील प्रतिविष सिद्ध केले. पुढे १९२० च्या दशकात लस आली. लहानपणी टोचलेले मूल सोळा वर्षांपर्यंत सुरक्षित राहते ते पुढच्या मात्रा घेतल्या तरच. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी, आणि मातीने भरलेल्या जखमेनंतर पाच वर्षे उलटून गेली असल्यास पुन्हा टोचून घ्यावे. रक्त थांबावे म्हणून जखमेवर मूठभर माती दाबणारी पोरे आजही आहेत. माती नव्हे, पाणी. भरपूर स्वच्छ पाणी आणि साबण, आणि आत रुतलेला मुरूम काढून टाकणे. तो तसाच राहिला तर कातडीखाली काळ्या गोंदणासारखा जन्मभर दिसत राहतो.

हळूहळू येणाऱ्या तक्रारी, जसे करंगळी व अनामिका बधिर होणे किंवा गुडघा पुढून दुखणे, यांत बहुधा हँडलवर टाकलेला भार आणि फार खाली ठेवलेली सीट यांचा दोष असतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्यावी, म्हणजे निम्म्या तक्रारी दुकानातच मिटतात. उन्हाविषयी खानदेशच्या माणसाला काय सांगावे. वैशाखात सकाळी नऊनंतर डोंगरात राहू नये, कारण थकलेला हात ब्रेक उशिरा दाबतो.

शेवटी, पडलेल्या माणसाला खाली आणण्याविषयी. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला उठवून बसवू नये, डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. हात किंवा हासळी मोडली असेल तर खांद्यावरचा गमछा तिरपा दुमडून त्याची झोळी करावी, आणि दुसऱ्या गमछाने ती छातीशी बांधावी. रानात याहून चांगले साधन मिळत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पण सातपुड्याच्या पुष्कळ दऱ्यांत फोन लागत नाही आणि लागला तरी ‘डोंगरात आहोत’ एवढ्या पत्त्यावर गाडी येत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये. अभयारण्यात शिरायचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि निघण्यापूर्वी घरच्या माणसाला वाटेतल्या शेवटच्या गावाचे नाव, कोणत्या नाल्याने वर जाणार ते, आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. वेळ टळून तासभर झाला की त्या गावाच्या पोलीस पाटलास फोन करण्याचे काम घरच्यांचे.